एकाच नंबरवरून

तीस वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं.
इतवारीतल्या आमच्या आठ पानी पेपरात
'पाणी'ची वेलांटी चुकली
तर मालक चष्म्यावरून बघायचे.
पाणीच नाही आलं, तर ती बातमी नव्हती,
तो उन्हाळा होता.

आता टेबलावर प्रुफं नाहीत.
एक फोन आहे, कोपऱ्यात तडकलेला,
आणि शेजारी तन्वी ढोक, वय चोवीस,
जिनं शहराचा नकाशा केलाय:
ज्या गल्लीत नळ कोरडा, तिथं लाल ठिपका.
"लोक पाठवतील काका. तुम्ही फक्त ऐका."

लोक पाठवतात.
मे महिना, पारा सेहेचाळीस,
पहाटे पावणेपाचपासून फोन थरथरत
टेबलाच्या कडेकडे सरकायला लागतो.
मानेवाड्यातून रिकाम्या ड्रमचा फोटो.
शांतिनगरातून एक शिवी,
पाठोपाठ "सॉरी भाऊ, तुमाले नाही."
जरीपटक्यातून कोणी रोज गुलाबाचं फूल पाठवतं,
त्यात पाण्याचं काही नसतं.
मी तेही उघडतो.

पहिल्या आठवड्यात मी सवयीनं सुधारत गेलो:
'नळ नाही येऊन राहिला'चं
'नळास पाणीपुरवठा होत नाही.'
तन्वीनं वाचलं, पुसलं, परत बोललेलं टाकलं.
सकाळी तिसऱ्या पानावर छापून आलं:
'काऊन बा, आमी का टॅक्स नाही भरत?'
'आमी'खाली माझं लाल पेन गेलं,
थांबलं.
ती चूक नव्हती, ती बाई होती.

मग पाचपावलीची ती गल्ली.
एकाच नंबरवरून अकरा निरोप, वीस मिनिटांत.
यंत्र म्हणालं: पुनरावृत्ती. एक धरा.
एकानं ठिपका होत नाही, पाच लागतात.

मी अकराही ऐकले, कूलर बंद करून.
पहिली गिरजाबाई नंदनवार, नाव सांगून बोलली.
दुसऱ्यात दम लागलेला माणूस, मागे मागाची खटखट.
तिसरी मुलगी, धडा वाचावा तशी,
पूर्णविरामाला थांबत.
चौथ्यात नुसता खोकला, आणि शेवटी
"हेच सांगाचं होतं."
सातव्यानं विचारलं, "यात तोंड कुठं लावू?"
अख्ख्या गल्लीत असला फोन एकच.
गिरजाबाई तो घेऊन दारोदार फिरली होती,
हळदीकुंकवाचं ताट न्यावं तशी,
प्रत्येकाच्या तोंडापुढं धरत.

तन्वीला सांगितलं, एक नाही, अकरा आहेत.
ती वाद घालत बसली नाही.
केस वर बांधून दुपारभर खुडखुड करत राहिली,
म्हणाली, "मशीनले आवाज ओळखू येत नाही, काका."
मग नकाशात एक रिकामा चौकोन बसवला,
हातानं आकडा भरायला.
त्याला तिनं नाव दिलंय: कान.
तीस वर्षांत माझं नाव पेपरात
कधी छापून आलं नव्हतं.
हे छापून येत नाही, पण आत कुठंतरी आहे.

मी त्यात अकरा भरले. ठिपका लाल झाला.
दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर तो करडा उमटला,
रंगीत पान आम्हाला रविवारीच परवडतं.
म्हणे गल्लीतल्या कोणीतरी तो कापून
नळाच्या खांबाला भातानं चिकटवला
आणि लाल स्केचपेननं रंगवला.

टाकीवरचे लोक आले की नाही,
फाईल हलली की व्हॉल्व्ह, मला माहीत नाही.
चौथ्या पहाटे त्याच नंबरवरून निरोप आला.
एक्केचाळीस सेकंद. कोणी बोलत नाही.
आधी पाइपातली हवा, फुसफुस,
मग बारीक धार पत्र्यावर,
मग गुंडाच्या पोटात, खोल,
आवाज चढत चढत गळ्याशी आलेला,
मी फोन कानाला घट्ट धरून उभा,
आणि अगदी शेवटी कोणीतरी, घाईत:
"उचल वं आता, दुसऱ्याचा नंबर आहे."